तंजावरचा राजवाडा : राज्य गेले, दप्तर उरले

रामेश्वराच्या यात्रेस जाणाऱ्या आपल्या कुटुंबांना तंजावर हे नाव अपरिचित नाही. मदुरा, श्रीरंगम् आणि कुंभकोणम् यांच्या वाटेवरच ते असल्यामुळे बहुतेक मंडळी तेथे अर्धा दिवस उतरतात. बृहदीश्वराचे दर्शन घेतात, सोन्याचा वर्ख दिलेले एखादे चित्र किंवा मान डोलावणारी बाहुली विकत घेतात आणि संध्याकाळच्या गाडीने पुढे निघतात. देवळापासून जेमतेम दीड किलोमीटरवर असलेल्या राजवाड्याकडे पाय वळतात ते थोड्यांचे. आणि जे जातात तेही उंच मनोरे व जुनी शस्त्रे पाहून परततात. वस्तुतः मराठी माणसाने तंजावरास जावे ते त्या वाड्यासाठी. पावणेदोनशेहून अधिक वर्षे त्या वाड्यात मराठी राजे नांदले, तमिळ भूमीच्या ऐन गाभ्यात मराठीतून कारभार चालला, आणि राज्य हातचे गेल्यावर त्या घराण्याने जे जतन केले ते पाहून आपल्यालाही आपल्या घरच्या एका कर्तव्याची आठवण व्हावी. त्या कर्तव्याकडे लेखाच्या शेवटी वळूच. तत्पूर्वी वाड्याची पूर्वपीठिका थोडक्यात पाहणे इष्ट होईल.

तंजावरचे वैभव म्हणजे कावेरीचे पाणी. त्रिचनापल्लीच्या पूर्वेस कावेरीवर कल्लणै नावाचा दगडी बंधारा आहे. तो करिकाल चोळ राजाने बांधला अशी परंपरा असून सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे ते काम मानले जाते. त्या पाण्यावर खाली पसरलेला प्रदेश हे दक्षिणेचे भाताचे कोठार होय. ज्याच्या हाती तंजावर त्याच्या हाती धान्य, हे साधे गणित चोळांपासून इंग्रजांपर्यंत सर्वांनी ओळखले होते. चोळांनंतर काही काळाने तेथे नायक राजे आले. सोळाव्या शतकात त्यांनी किल्ला व वाडा बांधावयास घेतला. १६७३ मध्ये मदुरेच्या नायकाने तंजावरच्या नायकाचा नाश केला, तेव्हा त्या घराण्यातील वारसास गादी परत मिळवून देण्यासाठी विजापूरच्या आदिलशाहीने आपला सरदार रवाना केला. तो सरदार म्हणजे शहाजीराजे भोसले व तुकाबाई यांचे पुत्र, शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे. त्यांनी मदुरेकरांना हुसकावले खरे. परंतु पुढे १६७५-७६ च्या सुमारास तंजावरची गादी स्वतःकडेच घेतली. अशा रीतीने कावेरीकाठी मराठ्यांचे राज्य सुरू झाले.

पुढच्याच वर्षी, १६७७ मध्ये, शिवाजीमहाराज दक्षिणदिग्विजयास निघाले असता कोळ्ळिडम् नदीकाठी तिरुमलवाडी येथे दोघा भावांची भेट झाली. वडिलांच्या कर्नाटकातील जहागिरीचा निम्मा वाटा हा बोलण्याचा विषय होता. बोलणे फिसकटले आणि व्यंकोजीराजे रातोरात नदी ओलांडून तंजावरास निघून गेले. पुढे लढाई झाली, प्रदेश गेला, आणि अखेरीस समेट झाला. या समेटात व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई यांनी दाखविलेले शहाणपण इतिहासात नोंदलेले आहे. भाऊबंदकीचा असा शेवट एका सुज्ञ स्त्रीच्या मध्यस्थीने व्हावा, ही गोष्ट आपल्या घराघरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांनी मुलांना अवश्य सांगावी.

व्यंकोजींनंतर त्यांचे पुत्र शहाजी, सरफोजी व तुकोजी हे क्रमाने गादीवर आले. पुढे प्रतापसिंह, तुळजाजी, अमरसिंह, दुसरे सरफोजी आणि शेवटचे दुसरे शिवाजी अशी ही परंपरा १८५५ पर्यंत चालली. या राज्याच्या नशिबी स्वस्थता फारशी नव्हती. अर्काटच्या नबाबाचा डोळा सतत तंजावरावर असे. १७७३ मध्ये नबाबाने इंग्रज फौजेच्या मदतीने किल्ला घेतला आणि तुळजाजीराजांना कैदेत टाकले. १७७६ मध्ये मद्रासचा गव्हर्नर लॉर्ड पिगट याने ते राज्य परत दिले, तर त्याच्याच कौन्सिलातील मंडळींनी त्याला अटक केली आणि तो अटकेतच १७७७ मध्ये मरण पावला. तंजावरच्या भाताच्या उत्पन्नात कोणाकोणाचे हात गुंतले होते, याची कल्पना एवढ्यावरून यावी.

तुळजाजीराजांना वारस उरला नाही, म्हणून त्यांनी १७८७ मध्ये, मृत्यूपूर्वी थोडे दिवस, भाऊबंदांतील एक दहा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला. हाच पुढे दुसरे सरफोजी म्हणून प्रसिद्ध झाला. तुळजाजींचे बंधू अमरसिंह यांनी दत्तकविधानावर हरकत घेऊन राज्य आपल्याकडे घेतले. मुलाच्या जिवाची व शिक्षणाची काळजी श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याने वाहिली. तुळजाजींचा त्याच्यावर विश्वास होता. मुलाला तो मद्रासेस घेऊन गेला व तेथे त्याला इंग्रजी विद्या मिळाली. १७९८ मध्ये कंपनीने सरफोजींचा हक्क मान्य करून त्यांना गादीवर बसविले. परंतु कंपनीचे देणे आणि घेणे एकाच हाताने होत असे. ऑक्टोबर १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे तंजावरचा किल्ला, सालिना एक लाख होन आणि महसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच राहिले. बाविसाव्या वर्षी सरफोजी हे राज्याविना राजे झाले.

आता वाड्यात प्रवेश करू. हा वाडा एकाच राजाने एकाच काळी बांधलेला नाही. नायकांनी आरंभ केला, मराठ्यांनी भर घातली. त्यामुळे एका चौकातून दुसऱ्या चौकात जाताना बांधणीची तऱ्हा बदलत जाते. नायकांच्या दरबारात १९५१ पासून कलासंग्रहालय आहे. चोळकालीन पंचधातूच्या मूर्तींचा तेथील संग्रह इतका उत्तम आहे की ज्यांना मूर्तिकलेची गोडी आहे त्यांनी त्यासाठीच एक सकाळ राखून ठेवावी. याच संग्रहालयात सरफोजीराजांचा संगमरवरी पुतळा उभा आहे. फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराने तो घडविला. डोक्यावर टोकदार पगडी, हात जोडलेले, अंगावर मराठी पेहराव. विलायतेच्या दगडात कोरलेला हा मराठी राजा तमिळ देवमूर्तींच्या मेळ्यात नम्रपणे उभा आहे. त्याच्या साऱ्या आयुष्याचे चित्रच त्या मूर्तीत उतरले आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

मराठ्यांचा दरबार वेगळा आहे. शहाजीराजांच्या कारकिर्दीत, १६८४ च्या सुमारास, तो उभा राहिला. रंगविलेले जाड खांब, कमानींवरील चित्रे आणि मधला मंचक अशी त्याची मांडणी आहे. बाजूला शस्त्रागाराचा उंच गोपुरासारखा मनोरा आणि टेहळणीची मजल्यांवर मजले चढविलेली माडी आहे. वाड्याच्या काही भागांत राजवंशाचे वंशज आजही राहतात, ही गोष्ट पाहुण्याने लक्षात ठेवून तेथे वागावे.

तरीपण या वाड्याचा आत्मा दरबारात नाही, मनोऱ्यातही नाही. तो सरस्वती महाल या ग्रंथालयात आहे. ग्रंथसंग्रहाचा पाया नायकांच्या काळचा. व्यंकोजींच्या वंशजांनी तो वाढविला, आणि सरफोजीराजांनी त्याला जगाच्या पंक्तीस नेऊन बसविले. राज्यकारभार गेल्यावर त्यांच्या हाती जो वेळ व पैसा उरला तो त्यांनी ग्रंथांकडे लावला. १८२० साली ते मोठ्या लवाजम्यासह काशीयात्रेस निघाले. वाटेत आणि काशीतही पंडितांकडून पोथ्या नकलून घेतल्या. इंग्लंडहून वैद्यक, वनस्पतिशास्त्र, भूगोल, चित्रकला अशा विषयांवरील ग्रंथ मागविले. त्यातील अनेक ग्रंथांवर राजांची स्वाक्षरी आहे. ग्रंथ नुसते कपाटात ठेवण्यासाठी घेतले नव्हते, वाचण्यासाठी घेतले होते, याची ती साक्ष होय. फ्रेंच चित्रकार ले ब्रून याने मनुष्यांचे व पशूंचे चेहरे शेजारी शेजारी मांडून काढलेली चित्रे येथील दालनात लावलेली असतात. मुले त्यांच्यापुढून हलत नाहीत.

आज या ग्रंथालयात ताडपत्रे व कागद मिळून सुमारे ४९,००० हस्तलिखिते आहेत. त्यांतील बहुतांश संस्कृत असून मराठी हस्तलिखिते सुमारे ३,००० आहेत. तमिळ, तेलुगू यांचा संग्रहही मोठा आहे. राजे मराठी, प्रजा तमिळ, दरबारी गायनाची भाषा तेलुगू आणि शास्त्राची भाषा संस्कृत, असा चौपदरी संसार या घराण्याने केला आणि चारही भाषांना कपाटे दिली. दक्षिणेत आलेल्या मराठ्यांनी तेथील भाषा बुडविली नाही आणि आपलीही सोडली नाही, हे येथे विशेषेकरून सांगितले पाहिजे.

सरफोजीराजांचे विद्याप्रेम केवळ संग्रहाचे नव्हते. वाड्यात त्यांनी धन्वंतरी महाल उभारला. तेथे देशी व पाश्चात्त्य वैद्य एकत्र बसून औषधे तयार करीत, रोग्यांना देत आणि परिणाम लिहून ठेवीत. डोळ्यांच्या रोग्यांची अशी टिपणे, डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, ग्रंथालयात जपलेली आहेत. राजे स्वतः नेत्रोपचारात लक्ष घालीत असत. 'नवविद्याकलानिधी' नावाची शाळा व छापखाना त्यांनी काढला. त्या छापखान्यात १८०६ च्या सुमारास इसापच्या गोष्टींचे मराठी भाषांतर 'बालबोध मुक्तावली' या नावाने देवनागरी ठशांत छापले गेले. त्या वेळी पुण्यात दुसरे बाजीराव पेशवे होते आणि मुंबईत मराठी शाळापुस्तकांना अजून आरंभही व्हावयाचा होता. मराठी मुलांसाठी छापलेल्या अगदी पहिल्या पुस्तकांपैकी एक पुस्तक कावेरीच्या काठी निघाले, ही गोष्ट आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकांत ठळक अक्षरांत असावयास हवी.

त्यांच्या नावावरील 'देवेंद्र कोरवंजी' हे नाटकही असेच चमत्कारिक आहे. कोरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार. त्यातील भविष्य सांगणारी भटकी स्त्री नायिकेला तिच्या प्रियकराविषयी सांगते, असा संकेत. सरफोजीराजांच्या मराठी नाटकातील कोरवंजी मात्र साऱ्या पृथ्वीचा भूगोल सांगते. खंडे, देश, समुद्र यांची नावे ती गात सुटते. प्रजेला नवी विद्या शिकवावयाची तर ती तिच्याच ओळखीच्या गाण्यातून शिकवावी, हे मर्म त्या राजाला उमगले होते. त्यांच्याही शंभर वर्षे आधी, शहाजीराजांच्या दरबारात, 'लक्ष्मीनारायण कल्याण' आदी मराठी नाटके लिहिली गेली होती. विष्णुदास भावे यांचे 'सीतास्वयंवर' सांगलीस १८४३ मध्ये झाले. त्याच्या दीडशे वर्षे पूर्वीच्या या नाटकांमुळे काही अभ्यासक मराठी नाटकाचा आरंभ तंजावरापर्यंत मागे नेतात.

ग्रंथालय पाहून झाल्यावर बृहदीश्वराच्या मंदिरात पुन्हा जावे. पूर्वी गेला असलात तरी जावे. पहिल्या राजराज चोळाने बांधविलेले हे देवालय १०१० मध्ये पूर्ण झाले. त्याचे विमान दोनशे फुटांहून उंच आहे. १९८७ मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत आले. परंतु उंचीकडे पाहून मान अवघडली की भिंतींकडे पाहावे. राजराजाने देवाला काय दिले, दागिन्यांचे वजन किती, देवळाच्या सेवेत आणलेल्या चारशे नर्तकींची नावे कोणती, त्या कोणत्या घरात राहत, त्यांना भात किती मापे मिळे, हे सारे तमिळ अक्षरांत भिंतींवर कोरलेले आहे. देऊळ म्हणजे राजराजाचे दगडी दप्तरच!

याच आवाराच्या नैर्ऋत्य बाजूच्या भिंतीवर देवनागरी अक्षरे दिसू लागली की मराठी माणसाचे पाऊल आपोआप थबकते. हा भोसले वंशाचा मराठी शिलालेख. सरफोजीराजांच्या आज्ञेवरून त्यांचे चिटणीस बाबूराव यांनी तो सिद्ध केला व १८०३ मध्ये तो कोरला गेला. मराठीतील सर्वांत मोठा शिलालेख म्हणून त्याची ख्याती आहे. त्यात भोसले घराण्याची पूर्वकथा, शहाजीराजांचे पराक्रम, शिवछत्रपतींचा वृत्तांत आणि तंजावरच्या राजांचा इतिहास आहे. त्यातील सर्वच मजकूर इतिहासाच्या कसोटीस उतरतो असे नाही. आपल्या घराण्याविषयी स्वतः लिहिलेल्या कोणत्याही कथेप्रमाणे यातही गौरव अधिक आणि अपयश कमी आहे. तथापि त्याचे साल लक्षात घ्यावे. १८०३ च्या सप्टेंबरात असईच्या रणांगणावर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांचा पराभव केला आणि डिसेंबरात देवगाव व सुर्जी-अंजनगाव येथील तहांनी मराठी सत्तेचा कणा खिळखिळा झाला. उत्तरेकडे मराठ्यांचे राज्य ढासळत असता त्याच वर्षी दक्षिणेत, राज्य आधीच गमावलेला एक भोसले राजा, आपल्या वंशाची कथा चोळांच्या भिंतीवर कोरून घेत होता. तलवारीने जे राखता येईना ते त्याने छिन्नीच्या हवाली केले.

येथे एक प्रश्न टाळता येणार नाही. इंग्रजांच्या पेन्शनीवर राहून ग्रंथ जमविणाऱ्या राजाचे कौतुक कितपत करावे? तंजावरहून दक्षिणेस, समुद्रकिनाऱ्यावर सेतुभावाछत्रम् गावाजवळ, सरफोजीराजांनी १८१४-१५ मध्ये बांधलेली आठ मजली इमारत आहे. नेपोलियनवर इंग्रजांनी मिळविलेल्या विजयाच्या स्मरणार्थ ती उभारली, असे तेथील कोरीव लेख सांगतो. तमिळ लोक त्या वास्तूला आजही 'मनोरा' म्हणतात. आपला घरचा शब्द त्या परक्या किनाऱ्यावर ऐकून मन क्षणभर सुखावते. परंतु नेपोलियनच्या पराभवाचा आनंद तंजावरच्या मराठ्याने का मानावा, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. याच इंग्रजांनी पुढे तीनच वर्षांत, १८१८ मध्ये, पेशवाई बुडविली. ज्याची गादी दुसऱ्याच्या मर्जीवर टिकून आहे त्याला मर्जीचा जयजयकारही दगडात करावा लागतो, हे त्या मनोऱ्याचे सांगणे आहे. शिलालेख आणि मनोरा हे एकाच राजाने बारा वर्षांच्या अंतराने उभारलेले दोन दगड होत. एकात स्वाभिमान आहे, दुसऱ्यात परवशता. सरफोजीराजांना समजून घ्यावयाचे तर दोन्ही पाहावेत. एकच पाहून निकाल देऊ नये.

तंजावरच्या परिसरात आणखी काही स्थळे अशीच डोळसपणे पाहण्याजोगी आहेत. शिवगंगा तळ्याजवळ १७७९ मध्ये बांधलेले श्वार्ट्झचे चर्च आहे. त्यात फ्लॅक्समननेच कोरलेले एक शिल्प आहे. मरणशय्येवरील श्वार्ट्झ आणि त्याचा हात हाती घेतलेले तरुण सरफोजी असा प्रसंग त्यात आहे. गुरूने राजपुत्राला आपल्या धर्मात ओढले नाही आणि राजाने गुरूचा धर्म वेगळा म्हणून कृतज्ञता आखडती घेतली नाही. शहराच्या पूर्वेस पुन्नैनल्लूरचे मारीअम्मन देवीचे देऊळ आहे. देवी, रोगराई, विशेषतः देवी काढणारी देवता म्हणून तिचा लौकिक असून भोसले राजांनी तिच्या देवळाची उभारणी व वाढ केली. ओरत्तनाडू येथे सरफोजीराजांनी मुक्तांबाळ छत्र हे मोठे अन्नछत्र बांधले. रामेश्वराच्या वाटेवरील यात्रेकरूंना तेथे अन्न, औषध व मुक्काम मिळे, आणि मुलांसाठी शाळाही चाले. आपल्या पूर्वजांपैकी जे कोणी पायी रामेश्वरास गेले असतील त्यांनी या राजांच्या छत्रांतील भात खाल्ला असण्याचा संभव पुष्कळ आहे.

कावेरीपार दहा-बारा किलोमीटरवर तिरुवैय्यारू हे गाव आहे. कर्नाटक संगीतातील थोर वाग्गेयकार त्यागराज (१७६७-१८४७) यांची समाधी तेथे नदीकाठी आहे. सरफोजीराजांनी त्यांना धनाचे आमिष देऊन दरबारात बोलाविले आणि त्यांनी ते नाकारले, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. राजाचे दार ज्याला लहान वाटले असा संत आणि त्याच्यावर न रागावणारा राजा, असे दोघे एकाच काळी एकाच नदीच्या पाण्यावर वाढले. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् व वडिवेलू हे चार बंधू मात्र याच दरबाराशी निगडित होते. आजच्या भरतनाट्यम्‌च्या कार्यक्रमाची जी रचना आपण पाहतो ती त्यांनी घालून दिली. तमिळ हरिकथेत साकी, दिंडी, ओवी, अभंग हे आपले छंद आजही ऐकू येतात, तेही येथे रुजलेल्या मराठी कीर्तनाचे देणे होय. सांबार हा पदार्थ संभाजीराजांच्या नावावरून तंजावरच्या मुदपाकखान्यात निघाला, अशीही एक गोष्ट सांगतात. ती जेवताना चवीने सांगावी, इतिहास म्हणून सांगू नये.

राज्याचा शेवट करुण झाला. दुसरे शिवाजीराजे १८५५ च्या ऑक्टोबरात निपुत्रिक निवर्तले. कंपनीने राज्याचे नाव तर पुसलेच, शिवाय वाड्यातील खाजगी मालमत्तेवरही जप्ती आणली. ज्येष्ठ राणी कामाक्षीबाईसाहेब न्यायासाठी उभ्या राहिल्या. मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला; परंतु १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, हे राज्याचे कृत्य असल्यामुळे न्यायालयास त्यात पडता येत नाही, असे ठरवून तो फिरविला. तो निकाल कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही अभ्यासावा लागतो. या धामधुमीत ग्रंथालय विखुरले नाही हे आपले भाग्य. तंजावरचे न्यायाधीश बर्नेल यांनी तेथील संस्कृत पोथ्यांची सूची १८८० मध्ये प्रसिद्ध केली आणि जगभरच्या विद्वानांचे लक्ष तिकडे वळले. १९१८ च्या ऑक्टोबरात हे ग्रंथालय जनतेसाठी खुले झाले. गादी गेली, होन गेले, किल्ल्याच्या तटाची पडझड झाली; पोथ्या राहिल्या.

पोथ्यांबरोबर आणखीही एक धन राहिले, आणि तेच या लेखाचे खरे निमित्त होय. तंजावरच्या दरबाराचे मोडी लिपीतील कागद तेरा-चौदाशे रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. हिशेब, हुकूम, पत्रे, देवळांच्या नेमणुका, छत्रांचा खर्च, वैद्यांची बिदागी, पोथी नकलणाऱ्यांची मजुरी असा रोजचा कारभार त्यांत आहे. शिलालेखात घराण्याची कीर्ती असते. रुमालात त्याचे खरे जीवन असते. कीर्ती वाचावयास देवनागरी पुरते, जीवन वाचावयास मोडी यावी लागते. आणि तमिळ देशात पडलेले हे मराठी कागद वाचण्यास कोण पुढे आले? १९८१ मध्ये स्थापन झालेल्या तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने त्यांतील निवडक कागदांची तमिळ भाषांतरे करवून छापली. तमिळ विद्वानांनी आपल्या भूमीचा इतिहास जाणण्यासाठी आपली लिपी शिकून घेतली. आपण मात्र ती आपल्याच आजोबांच्या पिढीबरोबर सोडून दिली. हा विचार मनाला लावून घेण्यासारखा आहे.

ज्ञातिबांधवहो, आपल्यापैकी ज्यांच्या घरी दोन-तीन पिढ्यांचे जुने घर शिल्लक आहे तेथे माळ्यावर किंवा शिसवी पेटीत एखादे कापडी बासन बहुधा सापडेल. त्यात वाटणीपत्र असेल, इनामाची सनद असेल, लग्नाची याद असेल, सावकाराचा रोखा असेल. वाचता येत नाही म्हणून ते कोणी उघडत नाही, आणि उघडत नाही म्हणून कसर आपले काम शांतपणे करीत राहते. घर विकले की ते रद्दीत जाते. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव पायपीट करून अशीच दप्तरे मिळविली आणि १८९८ मध्ये मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला, म्हणून आपल्याला पानिपतच्या मोहिमेची कितीतरी पत्रे वाचावयास मिळाली. जी दप्तरे त्यांना मिळाली नाहीत त्यांत काय होते, हे आता कोणासही सांगता येणार नाही.

कागद राखावयाची रीतही सरस्वती महालाकडून घेण्यासारखी आहे. वेखंड, कलौंजी, लवंग, मिरी, दालचिनी व थोडा कापूर यांची भरड करून लहान कापडी पुरचुंडीत बांधतात आणि ती पोथ्यांच्या कपाटात ठेवतात. वास उडाला की बदलतात. यास ना खर्च, ना यंत्र. आपल्या घरातील स्त्रिया धान्याला आणि रेशमी वस्त्रांना जे करतात तेच हे आहे. तेवढेच अगत्य कागदाला दाखवावयाचे. कागदावर चिकटपट्टी लावू नये, उन्हात घालू नये, घड्या जबरीने उलगडू नयेत. प्रत्येक कागदाचे छायाचित्र काढून ठेवावे. आजकाल ते प्रत्येकाच्या खिशातील यंत्राने होते. वाचनासाठी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या जुन्या संस्थांतील जाणकारांस विचारावे, आणि राज्याच्या पुराभिलेख विभागातर्फे भरणाऱ्या मोडीच्या वर्गांस घरातील निदान एका तरुणाने अथवा तरुणीने जावे. अक्षर बसावयास काही आठवडे पुरतात. हात बसावयास मात्र नित्य सराव लागतो.

आपल्या कुळांचा वृत्तांत सिद्ध करावयाचा झाल्यास तो अशा कागदांवरच उभा राहील. ऐकीव आख्यायिकांवर रचलेला कुलवृत्तांत तंजावरच्या शिलालेखासारखा होतो. वाचावयास भव्य, पण पारखून घ्यावा लागणारा. त्याला रुमालातील हिशेबाची जोड मिळाली तरच तो खरा. आणि त्या हिशेबात आपल्या पूर्वजांचे कर्जही निघेल, भांडणही निघेल. ते लपवू नये. दीपाबाईंचे शहाणपण आज आपल्याला ठाऊक आहे ते दोघा भावांचे भांडण कोणी झाकून ठेवले नाही म्हणूनच.

तंजावरच्या मराठ्यांचे वंशज आजही तमिळनाडूत आहेत. घरात तमिळ वळणाची पण आपलीच मराठी बोलणारी कुटुंबे तेथे भेटतात. याच मंडळींपैकी कुंभकोणचे सर टी. माधवराव हे त्रावणकोर व इंदूरचे दिवाण झाले आणि पुढे १८७५ ते १८८२ या काळात बडोद्यास येऊन त्यांनी बाल सयाजीरावांचे राज्य मार्गी लावले. दक्षिणेस गेलेले मराठीपण दोनशे वर्षांनी असे व्याजासह परत आले. तेव्हा पुढील यात्रेत तंजावरास अर्धा दिवस नव्हे, दोन दिवस राहावे. एक दिवस देऊळ व वाडा यांना द्यावा, दुसरा तिरुवैय्यारू व मनोऱ्यास. मुलांना शिलालेखापुढे उभे करून त्यातील चार ओळी त्यांच्याच तोंडून वाचून घ्याव्यात. अक्षरे झिजली आहेत, भाषा जुनी आहे, तरी ती वाचता येतात. घरी परतल्यावर मात्र माळ्यावरचे बासन खाली काढावे, आणि तेही वाचता येईल अशी तजवीज याच वर्षी करावी.